दाराशी ठेवलेलं

"मी ठेवलेली नाही," तपासनीस म्हणाला. पण कुंडी त्याच्या दोन्ही हातांत होती, आणि तो सिस्टरच्या दाराशी ओणवा झालेला होता.

रात्रपाळी संपवून जिना चढत आलेली सिस्टर वरच्या पायरीवर थबकली. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरापर्यंत आली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे तुम्ही होय," ती हळूच म्हणाली.

"मी होय म्हणजे? अहो, मी खाली निघालो होतो, ही आपली मधोमध. कुणाचा पाय लागून कपाळमोक्ष झाला असता. बाजूला सरकवत होतो."

"हो, हो."

"हो हो काय? जिन्यात वस्तू ठेवायच्या नाहीत हे मी किती वेळा सांगितलंय."

"सांगितलंय ना, काका," सिस्टर म्हणाली, आणि नर्सच्या हाताने बाळ घ्यावं तशी तिने ती सदाफुलीची कुंडी त्याच्या हातातून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इमारतीत त्या माणसाला कोणी काका म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

वरच्या मजल्यावर, कठड्याआड दुधाचं पातेलं घेऊन उभी असलेली मावशी हे सगळं ऐकत होती. तासाभरापूर्वी, चपला न घालता, श्वास रोखून, ती कुंडी तिनेच तिथे ठेवली होती.

मावशी म्हणजे खरं तर कोणाचीच मावशी नव्हती. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत तिचा जन्म गेला. फाटलेल्या चादरींना पट्ट्या लावायच्या, उशांचे अभ्रे शिवायचे, डॉक्टरांच्या डगल्यांची तुटलेली बटणं बसवायची. तळघरातली ती खोली, एकाला एक लागून मांडलेली मशीनं आणि धुलाईच्या वाफेचा वास. तिथल्या तरुण मुलींनी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तिच्यापाठोपाठ घरी आलं. नवरा असेपर्यंत घरात कोणी तरी तिला नावाने हाक मारायचं. तो गेला, पुढे नोकरीही संपली, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि मावशी फक्त मावशी उरली.

दारांशी वस्तू ठेवण्याचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका छत्रीमुळे. नवरा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात तिची छत्री बसमध्ये राहिली. जुनीच होती, एक काडी मोडलेली. गेली तर गेली म्हणून तिने नाद सोडला. चार-सहा दिवसांनी सकाळी दार उघडलं तर छत्री कडीला अडकवलेली. पुसून कोरडी केलेली, आणि मोडकी काडी बारीक तारेने सांधलेली. कोणी आणली, कशी ओळखली, काही पत्ता नाही. तिने दोघाचौघांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग एक गंमत झाली. जिन्यात जो भेटेल तो तिला छत्रीवाला वाटायला लागला. पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर घाईघाईने उतरताना दिसला की वाटायचं, हा असेल, दिवसभर बसच चालवतो. छापखान्यात प्रुफं वाचणारा तो घुमा प्रुफवाला दिसला की वाटायचं, अशी बारीक तार ह्याचाच हात वळवू शकेल. एवढी वर्षं ज्यांच्याशी पाणी आलं का, नाही आलं, याच्यापलीकडे बोलणं नव्हतं, ती माणसं तिला एकाएकी आवडायला लागली. कोण ते न कळल्यामुळेच सगळी चांगली वाटतायत, हे तिच्या ध्यानात आलं, आणि मनात आलं की हे सुख आपल्या एकटीपुरतं कशाला.

तेव्हापासून ती अधूनमधून ठेवू लागली. ड्रायव्हरच्या नव्या बायकोच्या दाराशी कपड्यांचे चिमटे. प्रुफवाल्याच्या दाराशी लाल शिसपेन्सिली. सिस्टरच्या आईला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तेव्हा चांगल्या उजेडाचा बल्ब. वस्तू लहान असायची, पण ज्याची त्यालाच उपयोगी पडेल अशी. आणि एक पथ्य ती कटाक्षाने पाळायची. शिवलेलं काही द्यायचं नाही. टाका बघितला की हात कोणाचा ते सगळ्यांना कळलं असतं. जे तिला सर्वांत चांगलं जमत होतं तेवढंच तिला देता येत नव्हतं, आणि याचं तिचं तिलाच हसू यायचं.

आता या सगळ्याचा धनी झाला तपासनीस.

तो दुसऱ्या मजल्यावर, सिस्टरच्या समोरच्या खोलीत राहायचा. बसमध्ये तिकिटं तपासण्यात उमर गेलेली. निवृत्त झाला तरी तपासणी सुटली नव्हती. कोणाचा नळ गळतो, कोणाच्या चपला जिन्यात आहेत, कोणाच्या रेडिओचा आवाज भिंतीपलीकडे जातो, सगळं याला ठाऊक. लग्न केलेलं नव्हतं. एक पुतण्या होता म्हणे, पण अलीकडे तो फिरकताना कोणी पाहिला नव्हता. ड्रायव्हरची बायको तर त्याची चाहूल लागली की पुन्हा घरात शिरायची आणि तो गेल्यावर बाहेर पडायची.

सिस्टरने संध्याकाळपर्यंत बातमी घरोघरी पोचवली. त्याने नाही म्हटलं हेच तर मोठं कौतुकाचं झालं. गोड बोलणाऱ्याने नाही म्हटलं असतं तर लोकांनी ऐकून घेतलं असतं. पण हा खाष्ट, याचं नाही म्हणजे लाजणंच, असं सगळ्यांचं ठरलं.

"वरून फणसासारखा," ड्रायव्हरची बायको पाण्याच्या टाकीपाशी म्हणाली. "मी मेली उगाच घाबरायची. चिमटे बघा ना मावशी, एकही अजून तुटलेला नाही."

"हो का," मावशी म्हणाली, आणि घागर भरायच्या आधीच तिने नळ बंद केला.

त्या आठवड्यात तिचं कशातच मन लागेना. आपल्याला नाव नको होतं, मग ते दुसऱ्याला गेलं तर का झोंबावं? नको असलेली वस्तू कोणी उचलून नेली तर माणूस मागे धावत नाही. पण खोटं कशाला बोला, झोंबलं. तिला उमगलं की मनाच्या तळाशी कुठेतरी आपण वाट बघत होतो. कोणीतरी एक दिवस ओळखेल, म्हणेल, मावशी, तुम्हीच ना? आणि आपण म्हणू, छे, मी कुठली. ते छे म्हणण्याचं सुखही आता त्या तपासनिसाच्या वाट्याला गेलं होतं, आणि त्या गाढवाला ते धड घेताही येत नव्हतं.

एका दुपारी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, केस पाण्याने बसवलेले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच.

"बाई, त्या वस्तू तुमच्या आहेत."

मावशी मशीनवर बसली होती. पाय थांबला. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? जन्मभर बिनतिकीट माणसं ओळखली मी. तपासणी चढली की सगळे तपासनिसाकडे बघतात. एक माणूस खिडकीबाहेर बघतो. परवा सिस्टर कुंडी दाखवत होती तेव्हा सगळे कुंडीकडे बघत होते. तुम्ही एकट्या खिडकीबाहेर."

मावशीला हसू आलं आणि राग गेला. "बरं मग? माझ्या आहेत."

"मग मी आज संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून सांगून टाकतो. मला हे झेपत नाही. काल ड्रायव्हर माझी बाजाराची पिशवी घेऊन वर आला. मी देत नव्हतो, ओढून घेतली त्याने. सिस्टरची आई रोज हाक मारते, काका, आज पेपरात काय आहे. तिला दिसत नाही. वाचून दाखवतो मग. नाही कसं म्हणणार? फुकटचा प्रवास चाललाय माझा, बाई. असा मी कधी केलेला नाही."

मावशीने त्याच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं शेजारी राहून बहुधा पहिल्यांदाच. सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली होती, वेड्यावाकड्या टाक्यांनी, स्वतःच्या हाताने. तिच्या मनात आलं, सांगितलं तर लोक आज येऊन आपल्याला गोड बोलतील. याला खोटारडा कोणी म्हणणार नाही, त्याने तर पहिल्यापासून नाहीच म्हटलंय. पण उद्या पिशवी कोणी ओढून घेणार नाही. पेपरसाठी हाक येईल, पण ती पहिल्यासारखी येणार नाही. हा पुन्हा आपल्या खोलीत चपला मोजत बसेल.

"सांगू नका," ती म्हणाली.

"का?"

"मला नको आहे म्हणून. माझ्या वस्तू, माझी मर्जी."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय म्हणजे? फुकटचा प्रवास नको असेल तर तिकीट काढा. पुढची वस्तू तुम्ही आणा."

तो जायला वळला, दोन पायऱ्या उतरला आणि परत आला. मग म्हणाला, "काय आणू?"

"ते मी सांगायचं नाही. बघा कोणाला काय लागतंय. तुम्हाला तर सगळ्यांची खडान्‌खडा माहिती आहे. आतापर्यंत भांडायला वापरलीत."

त्याने आणलेली पहिली वस्तू म्हणजे कुलूप. प्रुफवाल्यासाठी. मावशीने कपाळाला हात लावला. "भेट म्हणून कुलूप देतात का कोणी?"

"त्याचं कुलूप लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. रोज रात्री ऐकतो मी. तीनदा तक्रार केलीय."

प्रुफवाला ते कुलूप घेऊन चार दिवस सगळ्यांना दाखवत फिरला. एरवी ज्याच्या तोंडून दोन शब्द निघायचे नाहीत, तो जिन्यात उभा राहून सांगायचा की माणसाने आपला त्रास न सांगता ओळखला, म्हणजे बघा. तपासनीस मावशीच्या घरी आला आणि पाण्याचा पेला मागून एका दमात प्यायला. "काय बोलावं कळत नाही अशा वेळी," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

इथून पुढची जी काही वर्षं गेली ती मावशीला नंतर आठवायची तेव्हा त्यांत तिला दुपारच दिसायची. खिडकीतून मशीनवर पडलेलं ऊन, दोन कप चहा, आणि समोरच्या खुर्चीवर ताठ बसून इमारतीची खबरबात सांगणारा तपासनीस. ड्रायव्हरची बायको हल्ली दोन्ही हातांनी कंबर धरून जिना चढते. सिस्टरच्या आईचे पाय गार पडतात. प्रुफवाल्याचा चष्मा खिशात घासून घासून पांढरा झालाय. "चष्म्याला कापडी घर पाहिजे," तो म्हणायचा. "बाजारात मिळतं ते भिकार. तुम्ही शिवा."

"शिवलं तर माझा हात ओळखतील."

"ओळखू दे की. कापड मी आणलं, शिलाई तुम्हाला दिली, असं म्हणेन. तुमचा तो धंदाच आहे."

इतकी साधी वाट मावशीला कधी सुचली नव्हती. त्या दिवसापासून तिचे हात मोकळे सुटले. चष्म्याचं घर झालं, म्हातारीचे अस्तर लावलेले पायमोजे झाले, ड्रायव्हरच्या सीटवर टाकायची गादी झाली. बाळ आलं तेव्हा टोपडी, झबली, आणि कडेला बारीक निळी वेल काढलेलं दुपटं. हॉस्पिटलात सगळा जन्म पांढऱ्यावर पांढरा दोरा घालून गेला होता. रंगीत दोऱ्याची हौस तिने या वयात भागवली. कापड मात्र तो आणायचा तेच. रंगाची निवड अशी की डोळे मिटून घ्यावेत. एकदा बाळासाठी त्याने बसच्या सीटच्या रंगाचं तपकिरी आणलं होतं. ते परत करायला दोघं मिळून गेली, आणि दुकानदाराशी त्याचं असं जुंपलं की मावशीला मध्ये पडून त्याला ओढत बाहेर आणावं लागलं. रस्त्यावर आल्यावर दोघंही हसत सुटली.

एवढं होऊनही तो काही गोड बोलायला शिकला नाही. जिन्यातल्या चपलांवरून अजून ओरडायचा. फरक इतकाच की आता लोक हसून चपला आत घ्यायचे, आणि ओरडून झालं की तोही थांबून विचारायचा, बाळाचा खोकला गेला का.

मावशीला एकदाच जड गेलं. ड्रायव्हरची बायको दुपटं घेऊन आली होती, कडा उसवली होती म्हणून. मावशी टाका घालत असताना ती शेजारी बसून बोलता बोलता म्हणाली, "मावशी, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग की."

"काकांकडून शिलाई जरा कमी घेत जा. पेन्शनीतला माणूस, सगळं आमच्यावर घालवतो. तुम्हीही थोडा हातभार लावला तर बरं दिसेल."

सुई बोटात शिरली. मावशीने बोट तोंडात धरलं, दोरा तोडला आणि दुपट्याची घडी घातली. "बरं," ती म्हणाली. "कमी घेईन."

संध्याकाळी तिने हे तपासनिसाला सांगितलं ते हसत हसत. तो हसला नाही. तडक उठून निघाला, आता सांगतोच म्हणाला. तिने दारात आडवा हात धरला.

"बसा खाली. तिने तुमची काळजी केली. याआधी कधी कोणी केली होती?"

तो बसला. चहा गार झाला तरी त्याने कप उचलला नाही.

तपासनीस गेला तो झोपेतच. पेपर वाचायला आला नाही म्हणून सिस्टरच्या आईने त्याच्या दारावर काठी आपटली, मग सिस्टरला उठवलं, मग ड्रायव्हरने दार तोडलं.

सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी पुतण्या आला. चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला, अवघडलेला. खोली रिकामी करायला आला होता, पण करायला त्याला कोणी देईना. एकेक जण येऊन बसायचा आणि सांगत सुटायचा. प्रुफवाल्याने कुलपाची गोष्ट सांगितली. सिस्टरने कुंडीची सांगितली, ती सदाफुली अजून फुलते हेही सांगितलं. तिच्या आईने पायमोजे काढून त्याच्या हातात दिले. ड्रायव्हरची बायको नुसती पदर डोळ्यांना लावून बसली. पुतण्या सगळ्यांचं ऐकत होता आणि परक्या माणसाच्या घरी चुकून शिरल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

लोक पांगले तेव्हा मावशी भांडी आवरत मागे राहिली. तो तिच्याजवळ आला.

"तुम्ही सगळ्यांत जुन्या इथल्या, म्हणून विचारतो. मी लहानपणी सुट्टीत काकांकडे यायचो. पाणी सांडलं म्हणून मला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं होतं त्यांनी. माझ्या लग्नाला आले, जेवण वेळेवर नाही म्हणून भांडून गेले. ही माणसं ज्यांच्याबद्दल बोलतायत ते काका मला माहीतच नाहीत." त्याने आवाज खाली केला. "खरं सांगा, ते असे होते?"

मावशीच्या हातात पेला होता. खरं काय ते सांगणारी सगळ्या जगात एकटी तीच आता उरली होती. आणि विचारणारा माणूस परका, आज आहे उद्या नाही. त्याला सांगितलं असतं तर कोणाचं काहीच बिघडलं नसतं. तिने पेला पुसून पालथा घातला.

"सुरुवातीला नव्हते," ती म्हणाली. "मग झाले."

"कशाने?"

"लोक धरूनच चालले की काका चांगले आहेत. त्यांना काही इलाज उरला नाही."

पुतण्या हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पार बदलून गेला. कट्ट्याशी पाठ टेकून तो रडत होता. मावशी त्याच्या शेजारी उभी राहिली. रडणं ओसरल्यावर तिने त्याला तोंड धुवायला पाणी दिलं.

ती बाहेर पडली तेव्हा ड्रायव्हरची बायको जिन्यात बसली होती, मांडीवर पेंगुळलेलं मूल. तिने सरकून वाट दिली.

"मावशी, आता तुम्हाला कापड कोण आणून देणार?"

"एक आहे अजून घरात," मावशी म्हणाली.

ते तपासनीस गेल्याच आठवड्यात घेऊन आला होता. कागदात गुंडाळलेलं, नेहमीसारखं टेबलावर न आपटता त्याने मशीनच्या बाजूला ठेवलं होतं. कोणासाठी म्हणून तिने विचारलं तर म्हणाला, शिवायला तर घ्या, मापाचं नंतर बघू. आणि भलत्याच घाईने निघून गेला होता.

घरी येऊन मावशीने कागद सोडला. फिकट राखाडी रंगावर बारीक पांढरी पानं. हात फिरवावासा वाटेल इतकं मऊ. त्याने आणलेल्या कापडांत रंग चुकला नव्हता असं हे पहिलंच. तिने ते मांडीवर पसरून वितीने मोजलं. बाळाच्या कपड्याला फार होत होतं, म्हातारीच्या अंगाला तोकडं पडलं असतं. तिच्या स्वतःच्या पोलक्याला मात्र नेमकं पुरत होतं. तिने कात्री हातात घेतली, ऊन मशीनवरून उतरेपर्यंत तशीच धरून ठेवली, आणि मग कापडाच्या मूळच्या घडीवर घडी पाडून ते पुन्हा कागदात गुंडाळलं. माप कोणाचं, हे विचारायला आता कोणी नव्हतं.